साधी गाठ

डॉक्टरांच्या टेबलाशेजारच्या पडद्यावर माझ्या सुनेचा घसा दिसत होता. नाकातून आत सोडलेल्या बारीक नळीच्या टोकाला कॅमेरा होता आणि त्याच्या उजेडात, ओल्या गुलाबी भिंतींच्या मधोमध, दोन मोतिया रंगाच्या पट्ट्या एकमेकींकडे झुकल्या होत्या. ती श्वास घेई तेव्हा त्या दूर सरत. डॉक्टर सांगत तशी ती ‘ईऽऽ’ म्हणे तेव्हा जवळ येऊन थरथरत, पण पुरत्या मिटत नसत. दोन्हींच्या कडेला समोरासमोर मोहरीएवढे दोन उंचवटे होते आणि त्यांच्या मागेपुढे फट राहत होती. त्या फटीतून वाया जाणारी हवा म्हणजेच दिवाळीपासून घरात ऐकू येणारा तिचा घोगरा आवाज. ती प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं पडद्यावर दाखवलं आणि म्हणाले, “साध्या गाठी आहेत. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसं झालंय. आवाजाला विश्रांती द्या, बोलण्याची पद्धत सुधारा, जिरून जातील.” सून हसली. मी मात्र डॉक्टरांचा चेहरा वाचू लागलो होतो. ‘साधी’ हा शब्द ऐकला की अजूनही माझं असं होतं, आणि त्याला कारण आहे.

ते कारण सत्तरच्या दशकातलं आहे, मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षातलं. मी तेव्हा सांगलीत एका दैनिकात उपसंपादक होतो. वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात एका अडत दुकानातर्फे गुळाचा सौदा पुकारायचे. शेतकऱ्यांनी आणलेल्या ढेपा ओळीनं मांडलेल्या असत, व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकत असे आणि त्या घोळक्याच्या मधोमध उभं राहून अण्णा भाव चढवत नेत. हे काम आवाजाचं होतं. ट्रकची घरघर, हमालांच्या आरोळ्या, गुळावर घोंगावणाऱ्या माश्या, शेजारच्या दुकानाचा वेगळा सौदा, या सगळ्यावरून आवाज पलीकडे पोचला पाहिजे आणि तरी तो भांडणाचा वाटता कामा नये. अण्णांचा आवाज जाड नव्हता. तो सरळ होता, ताणलेल्या दोरीसारखा. पलूसकडच्या आमच्या गावी, शेताच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलायची सवय असलेल्या घरात तो घडला होता. आडनाव सांगून आम्हांला कोणी ओळखत नसे. “गुळाच्या सौद्याला वरडतात त्यांचा व्हय रं तू?” असं विचारत, आणि मी होय म्हणे.

त्या हंगामात, संक्रांतीच्या सुमाराला, यार्डात ट्रकमधून उतरवलेल्या ढेपांची एक थप्पी कलली. खाली एक हमाल पाठमोरा बसून पाणी पीत होता. अण्णा लांब होते. त्यांनी तिथूनच “सरक!” म्हणून हाक दिली. हमाल सरकला, थप्पी त्याच्या जागेवर कोसळली आणि अण्णांच्या घशात काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचा आवाज फाटलेल्या कापडासारखा येत होता. आई म्हणाली, “आवं, एवढं वरडायचं?” त्यावर ते म्हणाले, “मग काय पत्र धाडायचं हुतं व्हय त्याला?” त्या रात्री घरात सगळे हसले. एक माणूस वाचला होता, त्यापुढे आवाज बसणं ही किरकोळ गोष्ट होती.

आवाज मात्र उठला नाही. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, कडेगावहून कोणीतरी पाठवलेला कडू काढा झाला. अण्णांनी स्वतःचा एक उपाय काढला. आवाज जपायचा म्हणून ते कुजबुजत बोलू लागले. घरात कुजबुज, दुकानात कुजबुज. सौद्याला त्यांच्या शेजारी दुसरा माणूस उभा राहून त्यांची कुजबुज मोठ्यानं पुकारायचा. आम्हांला वाटे, हे शहाणपणाचं आहे. कुजबुजताना स्वरपट्ट्या आवळून घासल्या जातात, ती विश्रांती नव्हे, उलट कष्ट आहेत, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. तोवर शिमगा जवळ आला होता. दुकानाचे मालक चांगले होते. काही म्हणाले नाहीत, पण पुकारणारा तो दुसरा माणूस आता अण्णांकडे न बघताच पुकारू लागला होता.

इथे साताऱ्याच्या मामांबद्दल सांगायला हवं. आईचे थोरले भाऊ फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्यात राहत होते. दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांचा आवाज असाच बसला. तो कॅन्सर होता. डॉक्टरांनी ते मामांना सोडून घरातल्या सगळ्यांना सांगितलं, कारण तीच रीत होती. आजाऱ्याला नाव सांगायचं नाही, नाव कळलं की माणूस खचतो, असं सगळे मानत. मामांपाशी बसायचं काम अण्णांनी घेतलं. ते सांगलीहून एस.टी.नं जात, आठवडाभर राहत आणि मामांना सांगत, “पाव्हणं, साधी गाठ हाय. लय जणांना हुतीया.” मामांनी एकदा डॉक्टरांनाच विचारायचं ठरवलं, तर अण्णा आधी जाऊन डॉक्टरांना पढवून आले, आणि डॉक्टरांनीही मान डोलावून ‘साधी गाठ’ म्हटलं. मामा ते मानत होते की मानल्यासारखं करत होते, कोणाला कळलं नाही. अण्णांनी ते काम मन लावून केलं. एखाद्याला आधार द्यावा तसं ते तो शब्द देत राहिले, मामा गेले त्या सकाळपर्यंत.

त्यामुळे अण्णांना घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं मी ठरवलं तेव्हा घरात ज्या आजाराचं नाव कोणी घेतलं नाही, तो आजार घरात आधीच येऊन बसला होता. आई देवापुढे जास्त वेळ थांबायची. मी कार्यालयात दुसऱ्यांच्या बातम्यांतली ‘दुर्दैवी’ आणि ‘हृदयद्रावक’ ही विशेषणं कापत बसायचो आणि मधूनच स्वतःचा घसा चाचपायचो.

डॉक्टरांच्या खोलीत स्पिरिटचा दिवा जळत होता. कपाळावर गोल आरसा बांधलेले डॉक्टर लांब दांड्याचा दुसरा लहानसा आरसा त्या ज्योतीवर धरत, वाफ धरू नये म्हणून, आणि चटका बसत नाही ना हे आधी स्वतःच्या मनगटाच्या मागे लावून बघत. मग फडक्यात अण्णांची जीभ धरून त्यांनी तो आरसा टाळ्याशी नेला. “ई म्हणा.” अण्णांच्या तोंडून हवा आली. “पुन्हा म्हणा.” पुन्हा हवा. आत काय आहे ते फक्त डॉक्टरांना दिसत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो; चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो, पण कपाळावरच्या आरशानं तो अर्धा झाकला होता.

त्यांनी समजावलं ते नीट समजावलं. एका स्वरपट्टीच्या कडेला लालसर, गुळगुळीत, लोंबता गोळा आहे. एका जोराच्या ओरडण्यात पट्टीच्या आवरणाखालची बारीक रक्तवाहिनी फुटते, रक्त साठतं, आणि त्यावर माणूस बोलत राहिला, कुजबुजत राहिला, की त्याचा असा गोळा होतो. पट्टी नीट हलते आहे, हे चांगलं लक्षण आहे. अशी गाठ पसरत नाही, शेजारच्या मांसात शिरत नाही, जिवावर बेतत नाही. फक्त पट्ट्यांना मिटू देत नाही. “पण,” डॉक्टर म्हणाले, “नुसत्या आरशातून बघून मी शंभर टक्के सांगणार नाही. माणूस तंबाखू खातो. गाठ काढू, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेऊ, मग बोलू.” एवढं सगळं ऐकून अण्णांनी त्यातला ‘पण’ तेवढा उचलला.

शस्त्रक्रिया सोपी झाली. भूल देऊन, तोंडातून नळी घालून, बाहेर एकही टाका न पडता गाठ निघाली. बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवात ती तरंगत होती, डाळिंबाच्या दाण्याएवढी. डॉक्टरांनी बजावलं, आता काही दिवस शब्द नाही, कुजबुज तर नाहीच नाही. तपासणीचा निकाल यायला वेळ होता. ते दिवस मला नीट आठवतात, पण एकेक करून नाही, एकाच लांब दुपारसारखे. माधवनगरकडच्या गिरणीचा भोंगा वाजायचा आणि दिवसाचा कोणता भाग उलटला ते कळायचं. अण्णा ओट्यावर बसून राहायचे. काही हवं असेल तर टिचकी वाजवायचे. भेटायला येणारे लोक त्यांना बोलता येत नाही म्हणून स्वतःही हळू बोलत, आणि काही जण तर, त्यांना ऐकू येत नाही अशा समजुतीनं, ओरडून. एक शेजारी मोठ्या आवाजात म्हणाला, “भिऊ नका हो, आमच्या सासऱ्यांनाबी असंच झालं हुतं!” आईनं विचारलं, “आता कसे हायती?” तो गडबडला आणि चहा न घेताच उठला. अण्णांचे खांदे हलले. ते हसत होते, पण हसण्यालाही आवाज नव्हता.

निकाल आला. गाठ साधी होती. डॉक्टरांनी इंग्रजीतला कागद मला वाचून दाखवला, अर्थ सांगितला, पाठीवर हात ठेवला. मी सायकल जोरात मारत घरी आलो आणि दारातच म्हणालो, “अण्णा, काही नाही. साधी गाठ आहे.”

ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मला कळलं की ते कोणाचे आहेत. आई चुलीपुढे होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली, आनंदानं नव्हे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, समजुतीनं, मायेनं, आणि मान डोलावली. मामा अशीच मान डोलवायचे.

मी शपथा घेतल्या. मामांपुढेही अशाच शपथा घेतल्या गेल्या होत्या. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तेच त्यांच्या तोंडावर सांगितलं, आता बोलायला सुरुवात करा म्हणाले, आणि बजावलं की पुन्हा कुजबुजायची सवय लावून घेतलीत तर बरा झालेला घसा पुन्हा बिघडेल. बाहेर आल्यावर अण्णा पायऱ्यांवर थांबले. शस्त्रक्रियेनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य त्यांनी मला कुजबुजूनच सांगितलं. “डाक्टरला चांगलं पढवलंस. मला एवढं जमलं नव्हतं.”

त्यानंतरचे दिवस निकालाची वाट बघण्याच्या दिवसांपेक्षा वाईट होते. बऱ्या झालेल्या माणसाला आम्ही मरणाची तयारी करताना बघत होतो. त्यांनी शेजाऱ्यांची आणलेली शिडी परत केली. गावी जाऊन धाकट्या भावाला बांधावरच्या आंब्याची वाटणी समजावून आले. आईला छपराचं कुठलं कौल गळतं ते काठीनं दाखवलं. चांगल्या चपला मला दिल्या, “मला आता कुठं जायाचंय” असा हात करून. आवाज ते काढतच नसत. मी म्हणे, “अण्णा, एकदा मोठ्यानं बोला तरी,” तर ते हसून मान हलवत, जणू मी त्यांना खेळायला बोलावतोय. दुकानातून निरोप आला की हंगामाचे शेवटचे सौदे उरलेत, येता का. ते गेले नाहीत. आई रोज मला एकटं गाठून विचारायची, “माझ्या गळ्याची आण घेऊन सांग, खरंच साधी हाय ना?” मी सांगे. ती ऐके आणि दुसऱ्या दिवशी परत विचारे.

अण्णांचे एक मित्र होते, हळदीचे व्यापारी, आमचे चाचा. दोघं एकाच तालमीच्या मातीतले. चाचांचं घर मुसलमानांच्या गल्लीत, व्यवहार हरिपूरच्या पेवांत. हळद जमिनीखालच्या या खोल खड्ड्यांत भरून तोंड मातीनं लिंपून टाकत. आत ना किडा जाई ना ओल, आणि भाव बघून दीड-दोन वर्षांनी ते उघडत. पेवात भागीदार घेताना चाचा माणसाचं वय बघत, तब्येत बघत, खोकला ऐकत. कारण पेव मिटल्यावर भागीदार गेला तर वारसांच्या भांडणात पेवाचं तोंड उघडेनासं होतं. या बाबतीत चाचांची ख्याती होती. स्वतःच्या सख्ख्या चुलत्याला, त्याला दमा आहे म्हणून, त्यांनी भागीत घेतलं नव्हतं, आणि ईदला त्याच्याच घरी जाऊन शिरखुर्मा खाल्ला होता.

चाचा भेटायला आले आणि मला गल्लीत घेऊन गेले. “खरं बोल, पोरा.” मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “तू पेपरवाला. तुझं मी न्हाई ऐकत,” म्हणाले आणि तडक डॉक्टरांकडे गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. डॉक्टरांनी पुढे मला एवढंच सांगितलं की तुमचा तो माणूस बाटलीतली गाठ बघायला मागत होता.

दोन दिवसांनी चाचा पुन्हा आले. अण्णा ओट्यावर होते. तब्येत कशी आहे वगैरे चाचांनी काहीच विचारलं नाही. शेजारी बसले, खांद्यावरचा रुमाल काढून मधे टाकला आणि त्याच्या आत हात घातला. जुने हळदवाले आपापसात असंच बोलत. भाव आणि वाटा रुमालाखाली बोटं दाबून सांगायचे, बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसे. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. मग सवयीनं हात आत सरकवला. कापड हललं. अण्णांनी भुवया उंचावल्या.

“तुझ्या भावाच्या शेतातली पोती आन माझी,” चाचा म्हणाले. “एकच पेव. ह्या पंधरवड्यात मिटवू. ही दिवाळी सोडून फुडच्या दिवाळीला उघडू, आधी न्हाई.”

अण्णा कुजबुजले, “फुडच्या दिवाळीला?”

“का? तुला कुठं जायाचंय?”

मी दारात उभा होतो, आई आत. अण्णा चाचांच्या तोंडाकडे बघत होते आणि चाचा रस्त्याकडे, कपाळाला आठ्या घालून, जसे ते कोणत्याही व्यवहारात बसत. त्या चेहऱ्यावर दया नव्हती. रुमाल पुन्हा हलला, चाचांनी दुसरा काहीतरी आकडा दाबला असावा. आणि अण्णांनी हात झटक्यानं बाहेर काढला.

“एवढाच वाटा? मला काय याडा समजतो व्हय रं!”

आवाज खरबरीत होता, मधे तुटला, पण तो आवाज होता. समोरच्या घरातली बाई खिडकीशी आली. चाचा म्हणाले, “आरं हळू, गड्या, मी भैरा न्हाई,” आणि रुमाल पुन्हा मांडला. बराच वेळ ते दोघं भांडले. चाचांनी वाटा मुद्दाम कमी दाबला होता की तो त्यांचा नेहमीचा भाव होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. चाचा गेल्यावर अण्णा आत आले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, “हा मरणाऱ्यासंगं पेव भरनारा मानूस न्हवं.” आईनं त्या दिवसानंतर मला आण घालून विचारणं सोडलं.

पुढच्या हंगामाला अण्णा सौद्यावर उभे राहिले. आवाज पहिल्यासारखा झाला नाही. थोडा खाली उतरला होता आणि फार ताणला की त्याला चीर पडायची. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ते पोटातून श्वास घेऊन, थांबत थांबत पुकारायचे. काही व्यापाऱ्यांना ते आवडे, विचार करायला वेळ मिळतो म्हणून. ठरल्या दिवाळीला पेव उघडलं तेव्हा मीही हरिपूरला गेलो. तोंडावरची माती फोडली, आतली कोंडलेली हवा जायला वेळ दिला, कंदील खाली सोडून ज्योत टिकते का ते बघितलं आणि एक माणूस दोर धरून उतरला. अण्णा काठावर वाकले आणि त्यांनी खाली हाक दिली, “हाईस का रं?” खालून “हाय, हाय!” आलं. वर आलेल्या हळदीला दीड वर्ष जमिनीखाली राहिल्याची काहीच खूण नव्हती. बोटानं घासली की तेवढीच पिवळी.

या गोष्टीचा शेवट मला इथे करता आला असता, पण घडलं ते तिथे संपलं नाही. बऱ्याच वर्षांनी आई आजारी पडली. तिचा आजार साधा नव्हता. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे आम्हांला बाहेर बोलावून सांगितलं आणि आम्ही भावंडं रीतीप्रमाणे आपापसात ठरवू लागलो की तिला काय सांगायचं. अण्णा ऐकत होते. मग उठून आत गेले, तिच्या खाटेवर बसले आणि सगळं नाव घेऊन सांगितलं, त्या खाली उतरलेल्या, चिरलेल्या आवाजात, न कुजबुजता. आम्ही दाराशी उभे होतो. आईनं विचारलं, “लय दिवस हायती का?” अण्णा म्हणाले, “लय न्हाईत. पन हायती.”

तिनं ते मानलं. उरलेल्या दिवसांत तिनं कोणाला आण घातली नाही, कोणाचा चेहरा वाचत बसली नाही. डॉक्टर एखाद्या दिवशी म्हणत, आज बरं दिसतंय, तर तिचा चेहरा खुले, कारण बरं म्हणजे बरं, हे तिला ठाऊक होतं. माणसं जातात, आवाज जातात. अण्णांचा आवाज कुठल्या फितीवर नाही, आणि मला तो आठवतो असं मी म्हणतो तेव्हा मला नेमकं काय ऐकू येतं, याची खात्री देता येणार नाही. आमच्या घरात राहिलंय ते एवढंच की आजाऱ्याला आम्ही आहे ते सांगतो. त्यामुळे काही दिवस फार वाईट जातात. पण साधं असतं, तेव्हा ते साधं आहे हे आम्हांला एकमेकांना सांगता येतं.